परदेशी रायफल आणि कोल्हापूरचा हौशी नेमबाज: आयातीच्या नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 451.4 गुणांसह ब्राँझ घेतलं, आणि त्या आठवड्यापासून माझा फोन थांबलेला नाही. पालक विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, चाळिशीत हा नाद लागलेले डॉक्टर आणि शिक्षकही विचारतात. मी स्वतः हौशी नेमबाज. स्वतःच्या पिस्तुलासाठी केलेल्या कागदांमुळे हे नियम अंगवळणी पडले. तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

1. एअर रायफलला लायसन्स लागतं का?

10 मीटर स्पर्धेत वापरतात त्या एअर रायफलला आणि एअर पिस्तुलाला लागत नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणे नळीचा व्यास 0.177 इंचापेक्षा, म्हणजे 4.5 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या वर जात असेल, तर परवाना लागतो. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा त्याच्या निम्म्याहून कमी असते, त्यामुळे ती या मर्यादेत आरामात बसते. विक्रेता तुमचं ओळखपत्र मागेल आणि नोंद ठेवेल. ते द्या, पावती घ्या, आणि रायफल रेंजवर नेताना पावतीची एक प्रत पेटीत ठेवा. नाक्यावर पोलिसांनी पेटी उघडायला सांगितली की तो कागद दहा वाक्यांचं काम करतो.

0.22 इंच व्यासाची एअरगन मात्र मर्यादेच्या बाहेर जाते. "एअरगनच आहे की" असं म्हणून ती घरी आणू नका.

2. लायसन्स लागत नाही, तर मग जर्मनीच्या दुकानातून थेट ऑनलाइन मागवू का?

नको. सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. बाळगण्याचा कायदा वेगळा आणि देशात आणण्याचा वेगळा. बाळगणं शस्त्र कायदा 1959 खाली येतं. आणणं मात्र त्याच्या जोडीला विदेश व्यापार धोरण आणि कस्टम्स कायदा 1962 यांच्याही हातात आहे. व्यापार धोरणात शस्त्रांचं स्वतंत्र प्रकरण आहे, 93 वं. एअरगन त्याच प्रकरणात येते, तिची आयात निर्बंधित आहे. म्हणजे जी वस्तू दुकानातून परवान्याशिवाय घेता येते, तीच सीमेवरून आत आणायला परवानगी लागते.

एका पालकांनी मुलासाठी असं पार्सल मागवलं होतं. ते विमानतळाच्या गोदामात अडकलं. रोज साठवणुकीचं भाडं चढत गेलं, आणि शेवटी त्यांनी माल सोडून दिला. पैसे भरलेले होते, फसवणूक कुणीच केली नव्हती. फक्त परवानगीचा कागद नव्हता.

एअर रायफल हवी असेल तर रीतसर आयात केलेला माल विकणाऱ्या अधिकृत भारतीय विक्रेत्याकडून किंवा संघटनेमार्फत घ्या. दोन लाखांच्या पुढची वस्तू आहे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

3. मुलीनं गेल्या महिन्यात रेंज सुरू केली. तिला स्वतःची परदेशी .22 रायफल (0.22 इंच व्यासाची, काडतुसाची) कधी आणता येईल?

आत्ता नाही, आणि या उत्तरानं पालक खट्टू होतात. आपल्याकडे परदेशी शस्त्र आणण्याचा हक्क स्कोअरला जोडलेला आहे. व्यापार धोरण सांगतं की नामवंत नेमबाज आणि रायफल क्लब यांना स्वतःच्या वापरासाठी, केंद्राच्या क्रीडा खात्याच्या शिफारशीवर शस्त्र आणि दारूगोळा आणता येतो. बाकी नागरिकांना हा रस्ता नाही.

यातला पेच सरळ आहे. चांगला स्कोअर करायला अंगाला बसणारी रायफल हवी, आणि तशी रायफल आणायला आधी स्कोअर हवा. नवख्या मुलीचे हात आखूड असतात, खांदा लहान असतो. तिलाच मापाची रायफल सगळ्यात जास्त लागते, आणि तिलाच ती सगळ्यात शेवटी मिळते. कायदा करणाऱ्यांनी गैरवापर रोखायला ही चाळणी लावली. तिचं कारण मला पटतं. पण तिचा भार नवख्यांवर पडतो, हे मी दर हंगामात डोळ्यांनी पाहतो.

वाट आहे, आणि ती क्लबमधून जाते. क्लबच्या नावावर असलेल्या रायफलीवर रेंजवर सराव करता येतो, त्याला स्वतःचं लायसन्स लागत नाही. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं (पालथं पडून मारायच्या प्रकाराचं) विश्वविजेतेपद मिळवलं. राही सरनोबतनं 2013 मध्ये चांगवॉनला वर्ल्ड कप सुवर्ण आणि 2018 मध्ये एशियाडचं सुवर्ण मिळवलं. दोघीही याच शहरातल्या. आधी एअर रायफलीवर पक्की पायाभरणी करा. उभं राहणं, श्वास, ट्रिगर या तिन्ही गोष्टींना आयात परवाना लागत नाही.

4. 'रिनाउन्ड शॉट', म्हणजे नामवंत नेमबाज, नेमकं कोण? जिल्ह्यात पहिला आलो तर चालेल का?

जिल्ह्याच्या निकालावर नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खुल्या गटात उतरून, नॅशनल रायफल असोसिएशनने ठरवलेला किमान पात्रता स्कोअर केलेला असला पाहिजे. रेंजवर सगळे त्याला एमक्यूएस म्हणतात. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतची पायरी आपल्याकडे राज्य स्पर्धेतून जाते. या दोन्हींच्या मध्ये मावळणकर स्पर्धा येते. असोसिएशन 1951 मध्ये स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकारानं, म्हणून हे नाव.

नामवंताच्या खाली 'ज्युनियर टार्गेट शूटर' आणि 'अ‍ॅस्पायरिंग शूटर' असे दोन दर्जे आहेत. त्यांच्या सवलती कमी, पण आहेत (प्रश्न 7 पाहा). 21 वर्षांखालच्या मुलाला सर्वसाधारण नियमानं बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणासाठी मात्र शस्त्र कायद्याच्या 9 व्या कलमातच वेगळी सोय ठेवली आहे.

स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा. पावसाळ्यात ओल धरलेलं, अक्षर पुसट झालेलं प्रमाणपत्र घेऊन माणसं येतात आणि मग दुसऱ्या प्रतीसाठी दोन महिने घालवतात.

5. मी एमक्यूएस केला. आता पिस्तूल आणायला काय करायचं, आणि किती वेळ जाईल?

संघटनेचं प्रमाणपत्र, क्रीडा खात्याची शिफारस, शस्त्र परवान्यात त्या शस्त्राला जागा, परदेशी विक्रेत्याचं कोटेशन आणि त्याच्या देशाची निर्यात परवानगी, शेवटी कस्टम्स. खेळासाठी आणलेल्या शस्त्राला सीमाशुल्कात सवलत मिळते, पण प्रमाणपत्र जोडलं तरच. वेळ महिन्यांत मोजायचा. एखादी स्पर्धा डोळ्यांपुढे ठेवून नवं पिस्तूल मागवू नका. जुन्यावरच तयारी चालू ठेवा.

माझा अनुभव सांगतो. माझ्या पिस्तुलाच्या क्रमांकात एक शून्य होतं. कोटेशनवर ते शून्य छापलं होतं, पण पुढच्या एका कागदावर टाइप करणाऱ्यानं इंग्रजी 'ओ' मारला. डोळ्यांना फरक दिसत नव्हता. गोदामात अधिकाऱ्यानं पेटी उघडली, फोमातून पिस्तूल उचललं, बॅटरीच्या उजेडात चौकटीवर कोरलेला क्रमांक एकेक अक्षर करून वाचला, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे ते नाही." त्याचं बरोबर होतं. दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत सात आठवडे गेले. पिस्तूल मुंबईत आणि मी कोल्हापुरात, रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं भिंतीसमोर उभा राहून होल्डिंग, म्हणजे हात स्थिर धरण्याचा सराव, करायचो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: परदेशी विक्रेत्याकडून क्रमांकाचा जवळून काढलेला फोटो मागवा, आणि प्रत्येक कागद त्या फोटोशी ताडून पाहा. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस.

6. .22 रायफलीच्या लायसन्सला कुठं जायचं? "कारण काय" म्हणून अर्ज फेटाळतील का?

कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. अर्जावर पोलिसांची पडताळणी होते, ती पोलीस अधीक्षकांच्या मार्फत. परवान्याची मुदत पूर्वी 3 वर्षं होती, 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 वर्षं झाली.

कारणाबद्दल मात्र एक गोष्ट पाठ करा. शस्त्र कायद्याचं कलम 13, पोटकलम 3. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारण दाखवावं लागतं. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यानं लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .22 रायफलीचा परवाना मागितला, तर त्याला कायद्यानंच वेगळ्या रांगेत उभं केलं आहे. तिथं "धोका कुणापासून आहे?" हा प्रश्न लागू होत नाही. क्लबचं सदस्यत्व आणि सरावाची नोंद दाखवायची. अर्जात 'संरक्षण आणि खेळ' असं दोन्ही लिहून गोंधळ करू नका. खेळ असेल तर फक्त खेळ लिहा. अर्थात पडताळणीत गुन्हे वगैरे निघाले तर हे कलम तुम्हाला वाचवणार नाही.

7. आता माणशी दोनच शस्त्रं ठेवता येतात ना? मग तीन प्रकार खेळणाऱ्यानं काय करायचं?

दोनाची मर्यादा डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनं आली, आधी ती तीन होती. तेव्हा रेंजवर बरीच घबराट झाली. पण फेब्रुवारी 2020 मध्ये गृह मंत्रालयानं नेमबाजांसाठी वेगळी अधिसूचना काढली. एका प्रकारात नामवंत असाल तर 8, दोन प्रकारांत 10, दोनाहून जास्त प्रकारांत 12 शस्त्रं सवलतीच्या वर्गात ठेवता येतात. ज्युनियर आणि अ‍ॅस्पायरिंग शूटरला आपापल्या प्रकाराची 2. नागरिक म्हणून मिळणारी दोन याशिवाय.

'सवलतीचा वर्ग' याचा अर्थ परवाना नको, असा कुणी घेऊ नये. सवलत संख्येत आहे. प्रत्येक शस्त्राची परवान्यावर नोंद हवीच.

8. काडतुसं आणि छरे इथले वापरले तर? परदेशीच का लागतात?

सरावाला इथले वापरा, मी वापरतो. .22 ची काडतुसं आपल्या सरकारी कारखान्यांत वर्षानुवर्षं बनत आली आहेत. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली दारूगोळ्याची कंपनी पुण्यातच आहे. पण 50 मीटरवर दहाचं वर्तुळ साधारण एक सेंटिमीटरचं असतं, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथं एले, लापुआ, आरडब्ल्यूएस यांच्या मॅच दर्जाच्या काडतुसांशिवाय निभाव लागत नाही.

खरी अडचण ब्रँडची नाही, लॉटची, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेची आहे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचा एक लॉट तुमच्या नळीला जमतो, दुसरा जमत नाही. युरोपातला नेमबाज रायफल घेऊन कारखान्यात जातो, तिथं ती शिकंज्यात बसवतात, वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून भोकं किती जवळ पडतात ते पाहतात, आणि जो जमला त्याच्या पेट्या तो घेऊन येतो. आपल्याकडे काडतुसं बहुतेक संघटनेच्या एकत्र आयातीतून येतात, आणि जो लॉट वाटणीला येईल तो आपला. छऱ्यांचंही तसंच. डब्यावर 4.49 किंवा 4.50 लिहिलेलं असतं, तो शंभरावा हिस्सा मिलिमीटर टार्गेटच्या कागदावर दिसतो. मी डबा आला की पहिले वीस छरे पांढऱ्या कापडावर ओततो, स्कर्ट (छऱ्याची मागची कड) वाकलेले बाजूला काढतो, मग पाच-पाचचे चार गट मारतो. भोकं एकमेकांत मिसळून कडा साफ राहिली तर तो डबा स्पर्धेला, नाही तर सरावाला. निवड करता येत नाही, म्हणून निदान वर्गवारी करायची.

संख्येचा हिशेबही समजून घ्या. 2020 च्या अधिसूचनेनं नेमबाजांसाठी .22 ची वर्षाची मर्यादा 1000 वरून 5000 केली, इतर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची 600 वरून 2000, शॉटगनची 500 वरून 5000. मन लावून सराव करणारा .22 वाला दिवसाला शंभर गोळ्या मारतो. जुन्या मर्यादेत दहा दिवसांत वर्ष संपायचं. आता पन्नास दिवस. बाकीचे दिवस ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या रायफलीवर ट्रिगरचा सराव. तो कोचला कंटाळवाणा वाटत नाही, मुलांना वाटतो. चिकाटी तिथंच तयार होते.

9. सिनेमात, परदेशी व्हिडिओत सगळे 9 एमएम मारतात. आपल्याकडे का नाही?

9 एमएम आपल्याकडे निषिद्ध व्यासात मोडतो, .303 सुद्धा. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणून सेंटर फायर (.22 पेक्षा मोठ्या व्यासाच्या) पिस्तुलात आपले नेमबाज .32 वर खेळतात. आंतरराष्ट्रीय नियमांत .32 बसतो, त्यामुळे नुकसान काही नाही.

10. रायफलीचा एखादा भाग तुटला. परदेशातून मागवू, की शिरोलीतल्या लेथवर करून घेऊ?

कोल्हापूरच्या कारागिराच्या हाताबद्दल मला शंका नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावला मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत. पण कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. विनापरवाना शस्त्राचा भाग बनवणं म्हणजे शस्त्र बनवणं, आणि 2019 नंतर त्याला किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. तुमच्याबरोबर तो लेथवाला दादाही अडकेल. त्याला हे माहीत नसतं, तुम्हाला आता माहीत आहे.

नळी, बोल्ट, ट्रिगरची यंत्रणा असले भाग बदलायचे तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा, आणि परदेशातून मागवायचे तर शस्त्रासारखीच रीतसर परवानगी घ्या. रायफल ठेवायचा स्टँड, पेटी, छऱ्यांचा डबा, टार्गेट ओढायची चाकं हे सगळं लेथवर खुशाल करून घ्या. जॅकेट, ट्राउझर, बूट, हातमोजा, चष्मा हे साधे क्रीडासाहित्य आहे. ते परदेशातून आणलं तर नेहमीचं शुल्क पडतं, शस्त्राचा प्रश्न येत नाही.

11. भाऊ दुबईला असतो. सुट्टीत येताना बॅगेतून काडतुसं आणू दे का? पन्नासपर्यंत चालतात असं ऐकलंय.

अजिबात नको. हा 'पन्नास'चा समज कुठून आला ते सांगतो. 2016 च्या बॅगेज नियमांच्या परिशिष्टात, सवलतीत न बसणाऱ्या वस्तूंच्या यादीत 'बंदुका' आणि '50 पेक्षा जास्त काडतुसं' असं लिहिलं होतं. लोकांनी ते उलटं वाचलं: पन्नासपर्यंत मोकळीक. ती यादी फक्त शुल्काबद्दल बोलत होती. काडतुसं बाळगायला शस्त्र परवाना लागतो, तो शस्त्र कायद्याचा प्रश्न आहे आणि तो पहिल्या काडतुसापासून लागू होतो. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका गोळीवरून गुन्हे दाखल होतात. रेंजवर जी बॅग वापरता ती प्रवासाला कधीच नेऊ नका.

वडीलधारी मंडळी सांगतात की पूर्वी परदेशातून येणारे बंदूक घेऊन यायचे. ते खरं आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर तो रस्ता बंद झाला. शस्त्र कायद्याच्या 10 व्या कलमात परवानाधारकाला खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र सोबत आणण्याची मुभा अजून छापलेली आहे, आणि काही जण ते कलम मला पाठवतात. पण प्रश्न 2 मध्ये सांगितलं तसं व्यापार धोरणाचं दार वेगळं आहे. एक दार उघडं म्हणून दुसरं उघडत नाही.

12. परदेशी स्पर्धेला स्वतःचं पिस्तूल नेलं, तर परत आणताना पुन्हा आयात परवाना लागेल?

जाताना कस्टम्सकडून मेक, मॉडेल आणि क्रमांक लिहिलेला निर्यातीचा दाखला घेतला असेल तर ते तुमचंच शस्त्र परत येतंय एवढं सिद्ध होतं. तो दाखला न घेता गेलात, तर परतीला स्वतःच्याच पिस्तुलाचा मालक असल्याचं पटवत बसावं लागतं. यजमान देशाची तात्पुरती परवानगी आयोजकांमार्फत मिळते. विमानात काडतुसं माणशी 5 किलोपर्यंत, वेगळ्या बंद पेटीत, आधी कळवून. एअर रायफलचा सिलिंडर रिकामा करून काढून ठेवायचा.

13. आजोबांची जुनी ब्रनो .22 रायफल घरात आहे. त्यावर स्पर्धा खेळता येईल?

आधी परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघा. परवानाधारक हयात असतील आणि 70 च्या पुढे असतील, किंवा शस्त्र 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर वारसाच्या नावावर परवाना करून घेता येतो. वारले असतील तर शस्त्र लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मग वारसाचा अर्ज करा. "बाराव्या-तेराव्यानंतर बघू" म्हणत वर्षभर कपाटात ठेवू नका. तेवढा काळ ती रायफल घरात विनापरवाना आहे.

खेळायचं म्हणाल, तर सुरुवातीच्या सरावाला ब्रनो फार गोड रायफल आहे. आयात बंद असल्यामुळेच अशा जुन्या रायफलींना इतकी किंमत आली आहे. विकण्याआधी घरात कुणाला नाद आहे का, एवढं नक्की विचारा.

14. निवडणूक लागली की पोलीस शस्त्र जमा करायला सांगतात. स्पर्धा तोंडावर असेल तर?

नॅशनल रायफल असोसिएशनचे सदस्य असलेल्या खेळाडूंना शस्त्र जमा करण्यातून वगळण्याची तरतूद असते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशातच सहसा तसं वाक्य असतं. आदेशाची प्रत, सदस्यत्वाचं कार्ड आणि स्पर्धेचं वेळापत्रक घेऊन ठाण्यात स्वतः जाऊन भेटा, नोटीस यायची वाट बघू नका. जमा करावंच लागलं, तर तेल लावून, पावतीवर क्रमांक लिहून घेऊन द्या. आपल्या पावसात दोन महिने तेलाविना राहिलेली नळी गंज धरते.

15. नेमबाजी सोडलेल्या एका खेळाडूकडून परदेशी पिस्तूल विकत घेतोय. काही अडचण?

त्यांनी ते शुल्क सवलतीनं आणलं असेल, तर त्या सवलतीबरोबर अटीही येतात. ते कुणाला आणि कधी विकता येतं ते त्यांच्या मूळ कागदांत असतं. पैसे देण्याआधी ते कागद मागा. "हरवलेत" असं उत्तर आलं तर व्यवहार तिथंच थांबवा, पिस्तूल कितीही आवडलं तरी. कागद पूर्ण असतील, तर तुमच्या परवान्यावर आधी त्या शस्त्राची जागा मंजूर करून घ्या, आणि मगच ते त्यांच्या नावावरून तुमच्या नावावर येऊ द्या. या दोन्हीच्या मधल्या दिवसांत पिस्तूल त्यांच्याच ताब्यात राहिलं पाहिजे. "चाचणीसाठी आठवडाभर ने" असं कुणी प्रेमानं म्हणालं, तर त्यांनाच रेंजवर बोलवा आणि त्यांच्यासमोर मारून पाहा.